दुतोंड्याच्या मापाने

फॉर्मवर नाव लिहायचं नसतं.
म्हणून तो ना-०४७. वय बावन्न, व्यवसाय तांबट,
खाली भांडी बाजारात दुकान, वर राहणं.
पहिल्या दिवशी हात इतका थरथरत होता
की संमतीपत्रावर सहीऐवजी अंगठा घेतला.
शिकलेल्या माणसाचा अंगठा.
तो मान खाली घालून बसला,
मी शाई शोधत होते.

दर मंगळवारी एकच प्रश्न:
गेल्या सात दिवसांत पिण्याची ओढ किती?
शून्य म्हणजे अजिबात नाही,
दहा म्हणजे सहन न होणारी.
तो पट्टीकडे नातवाच्या गणितासारखा बघायचा.
मग एकदा म्हणाला,
ताई, दुतोंड्याच्या मापाने सांगू का?

नाशिकच्या माणसाला हे समजवावं लागत नाही.
गंगेला पाणी किती, तर फुटात कुणी सांगत नाही.
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं. कमरेला आलं.
छातीला आलं की भांडी बाजार माल वर चढवतो,
मागोमाग सराफ बाजार.

"सोमवारी गुडघा.
गुरुवारी साडूचा फोन आला, कंबर.
शनिवारी दिवेलागणीला छाती.
तरी उभा होतो."

मी वहीच्या समासात तक्ता केला:
घोटा दोन, गुडघा चार, कंबर सहा, छाती आठ.
डॉ. कर्णावट म्हणाल्या, हे प्रमाणित नाही.
बरोबरच होतं त्यांचं.
मी आकडे भरले. समास खोडला नाही.

गोळीत औषध आहे की नुसती पांढरी भुकटी
त्याला माहीत नाही, मला नाही, डॉक्टरांनाही नाही,
दोन्हीकडून आंधळी चाचणी.
तो म्हणे, मारुतीला तोंडं दोन, डोळे चार,
एखाद्याला तरी दिसत असेल.

सातव्या आठवड्यात त्याने मला पूर शिकवला.
इथं थेंब पडलेला नसतो, ताई,
वर गंगापूरला दरवाजे उघडतात,
ते पाणी इथवर यायला वेळ लागतो.
तेवढ्यात माल हलवायचा.
दुपारी कुणी हिशेबावरून टोचून बोललं
की संध्याकाळची तयारी मी दुपारीच करतो.
भट्टी पेटवतो, गल्ला बायकोकडे देतो,
मेहुण्याला म्हणतो, बस इथंच, काही बोलू नको.
फॉर्मवर 'इतर माहिती'ला दीड ओळ होती.

सतराव्या मंगळवारी तो आला नाही.
तीन फोन, एक भेट,
मग 'संपर्क तुटला' लिहायचं, असा नियम.
मी पहिल्याच फोननंतर निघाले.
शटर अर्धं. जिन्यात काळोख, फिनेलचा वास
आणि फिनेलखाली दुसरा.
तो भिंतीकडे तोंड करून.
किती? मी विचारलं, सवयीनं.
डोक्यावरून, म्हणाला.

विमलताई न विचारता चहा ठेवून गेल्या.
चहावर साय धरली.
मग भिंतीलाच सांगितल्यासारखं:
पूर ओसरल्यावर मारुतीच्या अंगावरचा गाळ कोण धुतं, माहितीये?
मला माहीत नव्हतं.
एका वर्षी आमचे वडील गेले होते,
दुकानातलं घंगाळ घेऊन.

पुन्हा सेवन: होय / नाही.
मी 'होय'वर खूण केली.
घंगाळाला चौकट नव्हती.

अठराव्या मंगळवारी तो दहा मिनिटं आधी आला,
केस ओले.

आता चाचणी संपली. पाकिटं पुण्यात सीलबंद आहेत,
उघडतील तेव्हा कळेल तो कुठल्या गटात होता.
मी त्याच्याकडून एक तांब्या घेतला, वजनाचे पैसे देऊन.
बिलावर त्याने सही केली. वाचता आली.
मठाराच्या ओळी आखल्यासारख्या,
फक्त गळ्याखाली बोटभर जागेत
ठोके एकमेकांवर चढलेले.
त्या आठवड्यातलं काम, तो म्हणाला,
पुन्हा ठोकून सारखं करता येईल. देऊ का करून?

मी म्हटलं, कागदात गुंडाळा.

पुलावर जरा थांबले.
पाणी घोट्याच्याही खाली,
मारुतीच्या पायाशी कपडे ठेवून
तीन पोरं उथळ पाण्यात पोहायला बघत होती.